पोर्ट पाहिला, प्रोटोकॉल राहिला

सालेकसा तालुक्यातलं दरेकसा हे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं छोटं स्टेशन. हाजरा धबधबा आणि कचारगडची यात्रा यांमुळे ओळखीचं. अशा गावात एखादं सेवा केंद्र आहे असं समजू: दोन संगणक, प्रिंटर, राउटर. सातबारा, दाखले, ऑनलाइन अर्ज अडू नयेत. पण दिवसभर व्हिडिओही चालू नयेत. म्हणून चालक फायरवॉलचे नियम लिहायला बसतो आणि नेमका इथेच घोळ होतो.

गैरसमज: व्हिडिओ साइटच्या पत्त्यांकडे जाणारं टीसीपी ४४३ अडवलं की काम झालं.
वस्तुस्थिती: पोर्ट एकच असला तरी प्रोटोकॉल वेगळे, म्हणून टीसीपी ४४३ आणि यूडीपी ४४३ ही दोन वेगळी दारं आहेत. २०२२मध्ये प्रमाणित झालेलं एचटीटीपी/३ हे क्विक (QUIC) या प्रोटोकॉलवर आणि त्यामुळे यूडीपीवर चालतं. क्रोम आणि यूट्यूब ते सर्रास वापरतात. ब्राउझरला ती वाट आधीच ठाऊक असेल, तर नियम लागू होऊनही व्हिडिओ चालूच राहतो. अडवायचं तर दोन्ही अडवा.

गैरसमज: डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याला, यूडीपी ५३ पुरतं.
वस्तुस्थिती: बहुतेक उत्तरं यूडीपीवर येतात, पण उत्तर मोठं असलं की ते कापून येतं आणि संगणक तोच प्रश्न टीसीपी ५३वर पुन्हा विचारतो. तिथे नियम आडवा आला की काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत आणि दोष मात्र ‘नेट स्लो आहे’ म्हणून इंटरनेट कंपनीच्या माथी जातो.

गैरसमज: आयसीएमपी म्हणजे नुसतं पिंग, सरसकट बंद करावं.
वस्तुस्थिती: आयसीएमपीला पोर्ट नसतो, त्यामुळे पोर्टवरचे नियम त्याला लागूच होत नाहीत. ‘पॅकेट फार मोठं आहे’ हा निरोपही तेच पोहोचवतं. तो अडला की साइट जोडली जाते, पण पान अर्ध्यात लटकतं. आयपीव्ही६मध्ये शेजारचं यंत्र शोधण्याचं कामही आयसीएमपीव्ही६ करतं. ते पूर्ण बंद केलं तर आयपीव्ही६च बंद पडतं. पिंगचा मारा नको असेल तर त्याच्या वेगावर मर्यादा घाला.

गैरसमज: आयपीव्ही४चे नियम लिहिले म्हणजे सगळं झाकलं गेलं.
वस्तुस्थिती: जिओसारख्या मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ रोजच्या वापरात आहे. लिनक्सवर आयपीटेबल्सचा नियम फक्त आयपीव्ही४ पाहतो. आयपीव्ही६साठी आयपी६टेबल्समध्ये वेगळा लिहावा लागतो. २०१४पासून लिनक्समध्ये असलेल्या एनएफटेबल्सच्या ‘इनेट’ तक्त्यात एकाच नियमाने दोन्ही झाकता येतात.

गैरसमज: प्रोटोकॉलच्या जागी ‘एनी’ निवडलं की कटकट मिटते.
वस्तुस्थिती: विंडोज फायरवॉलमध्ये ‘एनी’ निवडलं की पोर्टचा रकानाच गोठतो. म्हणजे एक सेवा उघडायला जावं आणि सगळंच उघडावं. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही हवे असतील, तर तिथे दोन नियम करा. एनएफटेबल्समध्ये मात्र दोन्ही प्रोटोकॉल एका नियमात बसतात.

थोडक्यात, प्रत्येक सेवेपुढे तीन गोष्टी लिहा: कोणता प्रोटोकॉल, कोणता पोर्ट, आयपीची कोणती आवृत्ती. मग नियम लावून प्रत्येक वाट स्वतंत्र तपासा. एक पान उघडलं म्हणजे नियम बरोबर आहे, असं समजू नका.