दोनशे रुपयांचा कर : मजुरालाही तेवढाच, साहेबालाही तेवढाच!

टेंभुर्णीच्या चौकात पाच मिनिटे उभे राहिले की अर्ध्या महाराष्ट्राची वाहने डोळ्यांसमोरून जातात. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग इथूनच, करमाळ्यावरून नगरला जाणारा रस्ता इथूनच, पंढरपूरचा इथूनच, कुर्डुवाडीचाही इथूनच. हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. गावाला औद्योगिक वसाहत आहे आणि माढा तालुक्यातली आपली बरीच तरुण मुले तिथल्या कारखान्यांत पाळीवर जातात.

एका रविवारी आम्ही तिथे गेलो होतो. वंदना झाली, चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात एका तरुण भावाने खिशातून पगाराची चिठ्ठी काढून आमच्यापुढे धरली. "दादा, फंडाचं कळतं. हे पी. टी. म्हणून दोनशे कापत्यात, ते कशाचं? आन फेब्रुवारीत तर तीनशे कापलं!" पूर्ण हजेरी भरली तर त्याच्या हातात चौदा हजार येतात. आजारी पडला तर त्याहून कमी.

आम्ही सांगितले की हा व्यवसाय कर, राज्य सरकारचा. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला अडीच हजार. "आन आमच्या म्यानेजरला किती?" तेवढाच. "डायरेक्टरला?" त्यालाही तेवढाच. पोराला वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत.

थट्टा नव्हती. महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर पडतो. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत माफी आहे, तेवढे एक बरे झाले. पण वरच्या बाजूला २,५०० पलीकडे कर चढतच नाही. घटनेच्या २७६ व्या कलमात या कराची कमाल मर्यादाच घातलेली आहे. १९५० साली ती २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० केली आणि ती अजून तिथेच आहे. पगार लाखांवरून कोटींवर गेले तरी मर्यादा हलली नाही. हिशेब केला तर आपल्या या भावाच्या दर शंभर रुपयांतून जवळजवळ दीड रुपया जातो आणि वर्षाला एक कोटी मिळवणाऱ्याच्या शंभर रुपयांतून अडीच पैसे.

हे चालले असताना कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "हा कर कशासाठी निघाला होता, ते ठाऊक आहे का कुणाला?" कुणालाच ठाऊक नव्हते. वास्तविक ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

१९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने कसा काढला, ते साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना विचारावे. खडी फोडली, ताली घातल्या, पाझर तलाव खणले, सुकडी खाल्ली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याआधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ पासून एक प्रयोग चालवला होता : जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. काम द्यायचे म्हणजे मजुरी आली, मग पैसा कुठून आणायचा? तेव्हा महाराष्ट्राने एक धाडस केले. १९७५ साली पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसाय कर बसवला. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर आणि विक्रीकरावर जादा आकार आला, आणि बागायती जमिनीवर विशेष आकारणी. या करांतून जेवढे जमा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा नियम झाला. व्यवसाय कराचा मोठा हिस्सा मुंबईतून येई. म्हणजे मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याच्या पगारातून माढ्याच्या उन्हात माती उचलणारीची मजुरी निघत होती. पुढे त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया, पण हक्काचा! ज्यांना भूमिहीन म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर 'कामाला लावा' म्हणून उभे राहावे लागले, त्यांना पहिल्यांदा सरकारकडे काम मागण्याचा अधिकार मिळाला. हे काही थोडे झाले का?

विहारात एक आजी बसल्या होत्या, त्या भावाच्या आजीच. त्या म्हणाल्या, "म्हंजी ह्यो कर आमच्याच पोटासाठी व्हता म्हणा की. मी हमीच्या कामावर आठ साल काढली. ह्याचा बाप तिथंच झाडाला बांधलेल्या झोळीत असायचा."

आजीच्या मजुरीसाठी जो कर वरच्या माणसावर बसला, तोच आज तिच्या नातवाच्या पगारातून जातो आणि वरचा माणूस अडीच पैशांत सुटतो. श्रीमंतांनी जास्त कर द्यावा की नाही, या वादावर मोठमोठ्या शहरांत परिसंवाद होतात. आमच्यापुढे तो वाद असा एका चिठ्ठीवर येऊन बसला.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे पंडित. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन. चढत्या श्रेणीच्या करावर सेलिग्मन यांनी ग्रंथच लिहिलेला आहे. बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद झाले आणि २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते शेतसाऱ्यावर. आयकर ऐपत पाहून घेतला जातो, ज्याला उत्पन्न नाही त्याला तो नाही. शेतसारा मात्र पीक येवो की बुडो, द्यावाच लागतो. आणि एक एकरवाल्याला जो दर, तोच जहागीरदाराला. हा न्याय नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. अर्थसंकल्पावरचे भाषण मात्र आपल्या जयंतीच्या व्याख्यानांत फारसे ऐकू येत नाही, अशी आमची तक्रार आहे. शेतसाऱ्याच्या जागी व्यवसाय कर घाला, ते भाषण आजही तसेच लागू पडते.

बुद्धवचनातही याचा विचार आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राजाला यज्ञ करायचा असतो आणि राज्यात तर चोऱ्या माजलेल्या असतात. पुरोहित त्याला सांगतो की पिडलेल्या प्रजेवर आणखी कर लादू नकोस, शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाराला वेतन दे. दारिद्र्य हटले की चोऱ्याही हटतील. कर कोणाकडून घ्यावा आणि तिजोरी कोणासाठी उघडावी, दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

आता काही जण म्हणतील, आयकर तर श्रीमंतच भरतात, गरिबाला कुठे आहे? खरे आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला आयकर पडत नाही. पण कर एका वाटेने थोडाच येतो! २९९ रुपयांचे रिचार्ज मारले की त्यात सुमारे ४५ रुपये कर असतो, मग रिचार्ज ऊसतोड करणारीचा असो की कारखानदाराचा. अंगाचा साबण आणि दात घासायची पेस्ट यांवर २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी ५ टक्क्यांवर आला. मुलांच्या वह्या-पेन्सिलींवरचा १२ टक्के होता, तो गेला. हे चांगलेच झाले. मग आठ वर्षे आपल्या मुलांच्या वह्यांमधून जो कर गोळा केला, तो तेव्हा श्रीमंतांकडून घेता आला नसता का?

आला असता, पण तिकडे उलटेच घडत होते. वडिलोपार्जित इस्टेटीवरचा कर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. संपत्ती कर १९५७ चा, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. २०१९ च्या जुलैत पाच कोटींवरच्या उत्पन्नाला ३७ टक्के अधिभार लावला होता, तोही २०२३ साली नव्या पद्धतीत २५ टक्के झाला.

आमच्या बैठकीत बँकेत अधिकारी असलेले एक बंधू होते. त्यांनी स्पष्टच विचारले, "साहेब, आपल्यातलीही पोरं आता वर चढायला लागलीत. जास्त कर म्हणता, तो आधी आमच्याच पगारातून कापला जाणार. बडे लोक वकील लावून सुटतात." त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. सत्तरच्या दशकात आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता आणि त्यातून काळा पैसा वाढला, हे नाकारता येणार नाही. संपत्ती कराचेही २०१३-१४ साली देशभरातून अवघे १,००८ कोटी आले होते. पण ते इतके कमी का आले? कारण १९९३ पासून त्यातून शेअर वगळले होते. घर, दागिने, मोटार, शहरातला प्लॉट एवढेच मोजायचे. ज्यांची सारी दौलत कंपनीच्या शेअरमध्ये, त्यांना तो कर लागणार तरी कसा? जाळ्याला मोठे भोक ठेवायचे आणि मासा सापडत नाही म्हणून जाळेच फेकून द्यायचे, असा तो प्रकार.

आणि मागणी पगारदाराच्या मानेवर सुरी ठेवण्याची नाही. २०२४ साली थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताचा हिशेब मांडला. २०२२-२३ साली वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. दहा कोटींहून जास्त निव्वळ संपत्ती असणाऱ्यांवर दरसाल दोन टक्के आणि तेवढ्याच मोठ्या वारशावर तेहतीस टक्के कर घ्यावा, असे त्यांनी सुचवले. तो प्रौढांपैकी फक्त ०.०४ टक्के लोकांना, म्हणजे दहा हजारांत चौघांना लागेल. बँकवाल्या बंधूंना आम्ही विचारले, तुमची संपत्ती दहा कोटी आहे का? ते हसले आणि म्हणाले, फ्लॅटचे हप्ते अजून अकरा वर्षे आहेत.

शेतीचा प्रश्न अवघड आहे आणि आपल्या भागात तर नाजूकही. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, तो अधिकार घटनेने राज्यांकडे दिलेला. १९७२ साली के. एन. राज समितीने मोठ्या धारणेवर कर सुचवला होता. उजनीच्या पाण्यावर शंभर-शंभर टन ऊस घालणारा बागायतदार आणि इनामाच्या वाट्यातल्या दोन एकर कोरडवाहूवर ज्वारी काढणारा आपला माणूस, दोघेही कागदावर 'शेतकरी'. दोन एकरवाल्याला हात लावू नये, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बागायतदाराबद्दल मात्र बोलायला हवे. बैठकीत कुणी फारसे बोलले नाही. बहुतेकांच्या घरची माणसे त्याच बागायतदारांकडे कामाला जातात.

एका ताईने वेगळाच मुद्दा काढला. "कर घ्या की कुणाकडून बी. आमच्यापर्यंत येतोय का?" हीच मोठी मेख. रोजगार हमीचेच पाहा. नव्वदच्या दशकात या नावाने जमा होणारी रक्कम खर्चापेक्षा जास्त होती. मजूर काम मागत होते आणि निधी पडून होता. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा पैसा 'लाडकी बहीण' योजनेकडे वळवला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळावेत, त्याला कोण नाही म्हणेल? पण आपल्याच मुलांच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या वाट्याला हात लावून ते का द्यावेत? आणि आता आणखी एक ओझे आले आहे. महाराष्ट्राच्या नमुन्यावर २००५ साली देशभर झालेल्या रोजगार कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. कामाचे दिवस शंभराचे सव्वाशे केले, पण खर्चाचा चाळीस टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला. राज्य हा पैसा आणणार कुठून? पुन्हा साबणातून आणि रिचार्जमधून, की १९७५ सारखा वरून?

दान देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या, असे बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला सांगितले, आणि खडी फोडणारांनीही तो दिला. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. रोजगार हमीची मजुरी कुणाच्या मर्जीवर नव्हती, म्हणून आजींना तिथे कुणापुढे वाकावे लागले नाही.

शेवटी असे ठरले की गुरुजींनी एक अर्ज लिहायचा : व्यवसाय कराची खालची मर्यादा पुरुषांनाही पंचवीस हजार करावी, आणि २७६ व्या कलमातली वरची मर्यादा उठवावी. पहिली मागणी आमदारांकडे, दुसरी खासदारांकडे, कारण तिथे घटनादुरुस्ती लागेल. सह्या गोळा करायला ताई तयार झाल्या.

उठताना आजींनी नातवाला विचारले, "तुज्या सायबाची चिठ्ठी बघितलीस का रं कधी?"

"ती आमाला कोण दाखवतंय, आजी!" तो म्हणाला. त्याने आपली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. तीन वाजता त्याची दुसरी पाळी होती.