असं का? : झाडीतली छोटी जागा मोठी का वाटते?

भोर तालुक्यात नसरापूरजवळचं बनेश्वर. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं शिवमंदिर, भोवती वनउद्यान, मागे शिवगंगेचा धबधबा. पुणे-सातारा महामार्ग फार लांब नाही. तरी आत शिरलं की तो कोसभर मागे राहिल्यासारखा वाटतो.

याचं एक कारण नजरेचं. उघड्या मैदानात सगळं एकदम दिसतं, शोधायला काही उरत नाही. झाडीत वाट वळते, पुढचं लपतं. प्रत्येक वळणावर मेंदू नवी नोंद करतो. नोंदी वाढल्या की जागाही मोठी भासते.

दुसरं कारण कानाचं, आणि मला तेच अधिक मोहक वाटतं. झाडांची विरळ रांग गाड्यांचा आवाज फारसा अडवत नाही. ते काम पाणी करतं. पिठाच्या गिरणीत शेजारच्याचं बोलणं बुडतं, तसा पावसाळी धबधब्याच्या सलग आवाजात बाकीचा गोंगाट बुडतो, आणि महामार्ग लांब गेल्यासारखा वाटतो.

पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात हीच युक्ती जाणीवपूर्वक वापरली आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते आखलंय : वळत्या वाटा, वाहतं पाणी. तिथे बाक निवडताना पाठीशी झाडी आणि समोर मोकळं पाणी असलेला निवडा. मागून कुणी येण्याची धास्ती नसली की शरीर लवकर सैलावतं.