घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

रात्री भिसेगावात सामसूम झाली, की कर्जत स्थानकातले आवाज स्पष्ट ऐकू येतात. बोरघाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना तेथे मागून जादा इंजिने जोडतात. चढ मोठा, म्हणून जोरही जास्त लागतो. त्याच वेळी एखाद्या घरात चार-पाच वर्षांचे मूल मोठ्याने घोरत असते. घोरणे म्हणजे आपण घरी ज्याला ‘खर्राटे’ म्हणतो ते. घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, “किती गाढ झोपलाय!” पण कधी कधी त्या मुलालाही श्वास ओढण्यासाठी जादा जोर लावावा लागत असतो.

असे का होते? आपल्या घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल नावाच्या गाठी असतात. नाकाच्या मागे अॅडेनॉइड नावाची तशीच गाठ असते. रोगजंतूंशी लढण्यास त्या मदत करतात. सुमारे दोन ते आठ वर्षांच्या वयात श्वासाची वाट लहान असते आणि त्या मानाने या गाठी मोठ्या असतात. त्या जास्त वाढल्या, की वाट अडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात व वाट आणखी अरुंद होते. मग श्वास काही क्षण थांबतो. मूल दचकते, धापा टाकते आणि पुन्हा झोपते. रात्रीत असे अनेकदा घडते. या आजाराला ‘स्लीप अॅप्निया’ म्हणतात. लठ्ठपणा, नाकाची अॅलर्जी, लहान जबडा ही त्याची इतर कारणे आहेत.

झोप मोडल्यामुळे मोठी माणसे दिवसा पेंगतात. लहान मुले मात्र बऱ्याचदा चिडचिड करतात, एका जागी बसत नाहीत, अभ्यासात मागे पडतात. आपण त्यांना ‘मठ्ठ’ किंवा ‘खोडकर’ म्हणून मोकळे होतो! लंडनचे डॉक्टर विल्यम हिल यांनी १८८९ सालीच लिहिले होते, की तोंडाने श्वास घेणाऱ्या, रात्री घोरणाऱ्या आणि आळशी दिसणाऱ्या मुलाकडे शाळेच्या डॉक्टरांनी लक्ष द्यावे.

यावर उपचार आहेत. डॉक्टर घसा तपासतात. गरज पडल्यास रात्रभर झोपेची तपासणी करतात. त्रास थोडा असेल, तर नाकात मारायचे औषध देतात. जास्त असेल, तर टॉन्सिल व अॅडेनॉइड शस्त्रक्रियेने काढतात. त्यानंतर बहुतेक मुलांना आराम पडतो. काहींना मात्र रात्री मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र लावावे लागते. पुढील उपचारांसाठी कर्जतहून लोकलने परळला जाता येते. तेथे १९२९ साली सुरू झालेले वाडिया बाल रुग्णालय आहे.

मुलांनो, सर्दीत चार दिवस घोरण्याने घाबरू नका. पण धाकटा भाऊ किंवा बहीण रोज घोरत असेल, मान मागे टाकून झोपत असेल, झोपेत श्वास थांबत असेल, तर अम्मी-अब्बांना लगेच सांगा. स्वतःच्या मनाने कोणतेही औषध देऊ नका. आणि वर्गातल्या चुळबुळ्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी एवढेच विचारा, “तुला रात्री नीट झोप लागते का?”