600 मिलिमीटरच्या तीन किमती

1,700, 4,800 आणि 15,500 डॉलर. निकॉनच्या झेड माउंटच्या तीन टेलिफोटो लेन्स बाजारात आल्या तेव्हाच्या या अमेरिकेतल्या साधारण किमती. पहिली 180-600 झूम (2023), दुसरी 600 एफ/6.3 (2023), तिसरी 600 एफ/4 (2022). तिन्ही 600 मिलिमीटरच्या. त्यामुळे फांदीवरचा शिंजीर तिन्हींतून सेन्सरवर तेवढाच उमटतो. मग नऊपट पैसे कशाचे?

मुख्यतः उजेडाचे. 600 ला 4 ने भागलं की 150 मिमी येतात, 6.3 ने भागलं की 95. प्रकाश आत येण्याची वाट एवढी रुंद. क्षेत्रफळ काढलं तर एफ/4 मधून अडीचपट प्रकाश येतो. उडता पक्षी 1/2000 सेकंदात पकडताना झूमला आयएसओ 4000 लागत असेल, तर एफ/4 ला 1600 पुरतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत पहाटे हा फरक पिसापिसांत दिसतो. शिवाय तिच्यात 1.4 पट टेलिकन्व्हर्टर बसवलेलाच आहे. कळ फिरवली की 840 मिमी एफ/5.6. पण वजन 3,260 ग्रॅम.

मधल्या लेन्सचं गणित मला जास्त विचार करण्यासारखं वाटतं. 600 मिमीला झूमही एफ/6.3 च, म्हणजे 3,100 डॉलर जास्त देऊन उजेड तसूभरही वाढत नाही. मिळतो तो थोडा अधिक रेखीवपणा आणि 670 ग्रॅमची सूट: कॉलरसह 2,140 ऐवजी 1,470. तीन तास हातात धरून चालणाऱ्याच्या खांद्याला ही सूट नक्की कळते. रेखीवपणाचं तसं नाही. ए4 आकाराच्या उत्तम छपाईला सुमारे 87 लाख पिक्सेल पुरतात आणि 45 मेगापिक्सेलचा कॅमेरा साडेचार कोटी देतो. चौकट भरून पक्षी मिळाला असेल, तर कागदावर दोघींतला फरक शोधावा लागतो.

दुसऱ्या टोकाला कॅननची 2020 ची आरएफ 600 एफ/11 आहे: बाजारात आली तेव्हा 700 डॉलर, वजन 930 ग्रॅम. एफ/6.3 च्या तुलनेत प्रकाश एक तृतीयांश. दाट झाडीत ती अडते, उघड्या पाणथळीवर सकाळच्या उन्हात छान चालते.

आता अंतर. 10 सेंटिमीटरचा शिंजीर 10 मीटरवर असेल, तर 600 मिमीने सेन्सरवर जेमतेम 6 मिमीचा होतो. 45 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात लांबीला सुमारे 1,400 पिक्सेल. तोच 20 मीटरवर गेला की 700. म्हणजे स्वस्त झूम घेऊन फुललेल्या पांगाऱ्याखाली शांत बसलेल्याला जो तपशील मिळतो, तो दुप्पट अंतरावरून सगळ्यात महाग लेन्सला मिळत नाही. घरट्याजवळ मात्र हा हिशोब लावूच नये. तिथे फोटोपेक्षा पिल्लं मोठी.

भिगवणला उलटं होतं. सव्वा मीटर उंचीचा रोहित 30 मीटरवर 600 मिमीने 25 मिमीचा होतो आणि आडव्या धरलेल्या सेन्सरची उंची आहे 24. मान तरी कापली जाते, नाहीतर पाय. तिथे झूमवाला 400 वर येतो आणि अख्खा पक्षी पाण्यातल्या सावलीच्या सुरुवातीसकट घेतो. हे सगळं उन्हं कोवळी आहेत तोवर. दहा-साडेदहानंतर तापलेली हवा थरथरायला लागली की दूरचा थवा 1,700 च्या लेन्समध्येही विरघळतो आणि 15,500 च्याही.