विद्युत्-उपचारातील आकडीची गुणवत्ता

तीव्र खिन्नतेमुळे अन्नपाणी वर्ज्य केलेल्या, अथवा ताठर व मूक होऊन बसलेल्या रुग्णास विद्युत्-उपचार पुष्कळदा जीवदान देतो. लोकभाषेत त्यास ‘शॉक देणे’ म्हणतात, आणि या शब्दानेच एक मोठा गैरसमज रूढ केला आहे. वीज हे येथे केवळ साधन होय. गुण येतो तो तिच्यायोगे मेंदूत उत्पन्न होणाऱ्या आकडीमुळे. १९३४ मध्ये बुडापेस्ट येथे मेदुना यांनी कापूर टोचून आकडी आणली. १९३८ मध्ये रोम येथे चेर्लेत्ती व बीनी यांनी तेच कार्य विजेकडून करविले. १९६० मध्ये स्वीडनमधील ऑटोसन यांनी औषधाच्या साहाय्याने आकडी आखूड केली असता गुणही उणावतो, असे दाखविले.

तथापि आकडी आली एवढ्यानेच उपचार सफल होतो, असे नाही. ती सामान्यतः २० ते २५ सेकंदांहून अधिक टिकावी, अशी अपेक्षा असते. परंतु कालावधी हा गुणवत्तेचा एकमेव निकष नव्हे. मेंदूच्या विद्युत्-लहरी उंच व दोन्ही बाजूंस सारख्या असाव्यात, आकडी संपताच त्या एकदम मंदावाव्यात आणि नाडीची गती स्पष्टपणे वाढावी, ही उत्तम आकडीची लक्षणे होत. न्यूयॉर्क येथील सॅकाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उजव्या बाजूस अल्प मात्रेने दिलेल्या उपचारात आकडी पुरेशी लांब असूनही गुण फारसा येत नाही, असे आढळून आले.

याचे मर्म ‘उंबरठा’ या कल्पनेत आहे. आकडी आणण्यास लागणारी किमान विद्युत्-मात्रा म्हणजे उंबरठा. तो वयाबरोबर वाढतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांत बहुधा उंच असतो आणि उपचारांची संख्या वाढते तसतसा चढत जातो. म्हणून पहिल्या दिवशी पुरेशी ठरलेली मात्रा सहाव्या उपचारास अपुरी पडू शकते. दोन्ही बाजूंच्या उपचारात उंबरठ्याच्या सुमारे दीडपट ते अडीचपट, तर केवळ उजव्या बाजूच्या उपचारात पाच-सहापट मात्रा योजतात. मात्रा फार अल्प असेल तर उपचार वाया जातो; अकारण अधिक असेल तर स्मरणशक्तीवर ताण पडतो.

भुलेच्या औषधाचाही परिणाम मोठा असतो. थायोपेंटोन व प्रोपोफोल यांची मात्रा वाढली, की आकडी दबते. केटामाइनने ती त्यामानाने कमी दबते. भूल देऊन लगेच वीज सोडण्याऐवजी थोडा अवधी जाऊ देणे, तसेच त्यापूर्वी प्राणवायूसह जलद श्वसन घडविणे, यांमुळे आकडी सुधारते. स्नायू शिथिल केल्यावर अंगाची आकडी दिसत नाही. म्हणून एका हातास वा पायास आधीच रक्तदाबमापकाचा पट्टा आवळून तेवढा अवयव औषधापासून अलिप्त ठेवतात व त्याचे झटके मोजतात.

काही कारणे मात्र रुग्णाच्या घरापासूनच सुरू होतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला; तरी मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरील कुटुंबांना तीव्र मनोविकारासाठी १८८६ मध्ये स्थापन झालेले रत्नागिरीचे मनोरुग्णालय किंवा गोव्यातील बांबोळीची मानसोपचार संस्था हेच जुने आधार होत. इतक्या दूरच्या प्रवासानंतर उपचार निष्फळ ठरला, तर मुक्काम लांबतो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात.

अशा कुटुंबाने तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, डोक्यावरील खोबरेल. तेलकट त्वचेवर विद्युत्-अग्रांचा स्पर्श नीट होत नाही व विरोध वाढतो. यास्तव केस धुऊन कोरडे असावेत. दुसरी, औषधांची संपूर्ण यादी. झोपेसाठी घेतलेल्या डायझेपाम वा लोराझेपामच्या गोळ्या, तसेच कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट ही औषधे आकडी दाबतात. उलट दम्यावरील थिओफिलिन ती धोकादायकरीत्या लांबवू शकते. यांपैकी कोणतेही औषध कुटुंबाने परस्पर बंद करू नये. ते सांगावे मात्र अवश्य. तिसरी, सांगितलेल्या वेळेपासून पाळावयाचा कडक उपवास. त्याचा संबंध आकडीशी नसून भुलेतील सुरक्षिततेशी आहे.

भूल व स्नायुशिथिलक यांवाचून हा उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनाई केली आहे. १८ वर्षांखालील रुग्णास पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी यांवाचून तो देता येत नाही. रुग्णाच्या वेदनेचा व भीतीचा प्रश्न भुलेने बव्हंशी सोडविला. पण तीच भूल आकडीस काहीशी दाबते. या दोहोंचा मेळ प्रत्येक रुग्णात व प्रत्येक वेळी नव्याने घालणे, हेच या उपचाराचे खरे कौशल्य होय.