परीक्षा आधीं, औषध मागाहून

गोठ्यांतील गाय चारा टाकूं लागली, तर शेतकरी त्याच दिवशीं तिचे डोळे, जीभ व शेण पाहतो आणि मग औषधाची योजना करतो. ज्या जमिनीवर ती गाय व घरचीं माणसें यांचें पोट चालतें, तिची अशी परीक्षा मात्र क्वचितच होते. उत्पन्न उतरलें कीं आणखी एक पोतें खत टाकावें किंवा आणखी एक पाणी द्यावें, एवढेंच बहुधा आपणांस सुचतें. पाटाखालच्या काळ्या जमिनींत हा उपायच पुष्कळदां रोगाचें कारण होतो.

नीरेच्या खोऱ्याचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. बेभरवशाच्या पावसाच्या त्या मुलखांत ऊंस पिकूं लागला व शेतकऱ्यांच्या हातीं पैसा आला. परंतु १९१० सालींच डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह तेथील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. रोगाची उत्पत्ति सरळ आहे. खोल काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाट व पाळ्या यांचें पाणी झिरपून जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढते. उन्हानें तें पाणी वर ओढलें जाऊन उडून जातें, व त्यांतील क्षार मागें राहतात. पुढें कृष्णाकाठीं शिरोळ, वाळवा या भागांतही हेंच घडलें.

मातीची परीक्षा

बिघडलेल्या जमिनीस आपण सरसकट खारवट म्हणतों. पण यांत दोन निराळे रोग आहेत, व त्यांचीं औषधेंही निराळीं आहेत. खऱ्या खारवट जमिनींत विरघळणारे क्षार फार असतात. वर पांढरा थर येतो, तरी माती मोकळी राहते. निचऱ्याचे चर काढून गोड्या पाण्यानें क्षार धुऊन लावणें हें तिचें औषध. चोपण जमिनींत सोडियम मातीच्या कणांसच चिकटलेला असतो. ती ओली असतां चिकट व वाळली कीं दगडासारखी होते, आणि पाणी वर सांचून राहतें. तिला आधीं जिप्सम व मागाहून निचऱ्याचें पाणी द्यावें लागतें.

खरा धोका तिसऱ्या, म्हणजे दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनींत आहे. पांढरा थर पाहून शेतकरी तिला नुसतें पाणी देऊन धुतो. क्षार निघून जातात, सोडियम तसाच राहतो, मातीचे कण विखरून छिद्रें बुजतात, आणि जमीन पूर्वीपेक्षां वाईट होते.

घरीं करतां येईल अशी एक परीक्षा आहे. वाटाण्याएवढें वाळलेलें ढेकूळ कांचेच्या पेल्यांतील पावसाच्या पाण्यांत अलगद सोडावें व न हलवितां कांहीं तास ठेवावें. ढेकूळ फुटलें पण पाणी स्वच्छ राहिलें, तर बहुधा सेंद्रिय द्रव्य कमी आहे असें समजावें. भोंवतीं दुधासारखा ढग पसरला, तर जमीन चोपण होत आहे. मात्र क्षार फार असतील तर हा ढग दिसत नाहीं. म्हणून पांढऱ्या थराच्या तुकड्याची माती प्रयोगशाळेंतच पाठवावी. संपृक्त अर्काची विद्युत् वाहकता ४ डेसीसायमनहून अधिक असल्यास जमीन खारवट, व विनिमयी सोडियम शेंकडा १५ हून अधिक असल्यास चोपण, ही सर्वमान्य मर्यादा आहे.

२०१५ सालापासून सरकार जी मृदा आरोग्य पत्रिका देतें, ती उपयुक्त आहे. पण तिच्या १२ बाबींत विनिमयी सोडियम नाहीं, व बागाइतांत नमुना अडीच हेक्टरांस एक असा ठरविलेला आहे. तेव्हां बिघडलेल्या तुकड्याचा नमुना आपणच निराळा घ्यावा. पहिला, दुसरा व तिसरा फूट अशा तीन थरांची माती वेगवेगळी बांधावी, व सोडियमची मागणी स्पष्ट लिहावी.

पाण्याची परीक्षा

ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजते तें पाणी उत्तम, असा घरोघर समज आहे. स्वयंपाकास तो ठीक आहे. परंतु सोड्याच्या पाण्यांतही डाळ लवकर शिजते, आणि तेंच पाणी जमीन चोपण करतें. यास्तव विहिरीचें पाणी वैशाखांत, पाऊस पडण्यापूर्वीं, तपासून घ्यावें. त्यांतील शिल्लक सोडियम कार्बोनेट लिटरास २.५ मिलीइक्विव्हॅलंटहून अधिक असल्यास तें सिंचनास अयोग्य समजतात.

तसेंच शेतांत ८-१० फूट खोल सच्छिद्र नळी पुरून दरमहा पाण्याची पातळी गांठी मारलेल्या दोरीनें मोजावी. पाणी ५-६ फुटांच्या आंत आलें, कीं पाळी लांबवावी व निचऱ्याची व्यवस्था करावी. पांढरा थर दिसेपर्यंत थांबणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय.

सजीवांची साक्ष

क्षार वाढूं लागले कीं हरभरा सर्वांत आधीं बोलतो. तो ठिकठिकाणीं मरूं लागतो, त्या वेळीं ऊंस अजून बरा दिसतो. आणि कपाशी तर त्यानंतरही तग धरते. म्हणून चांगलें आलेलें कपाशीचें पीक हा जमिनीच्या निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. लव्हाळा दाटला व चरांत पाणकणीस उगवलें, तर पाणी मुरण्याऐवजीं तुंबत आहे असें जाणावें.

भाद्रपदांत वाफसा असतां फूटभर लांब, रुंद व खोल माती काढून गांडुळें मोजावीं, आणि बांधावरील न नांगरलेल्या मातींतील संख्येशीं ताडून पाहावीं. उन्हाळ्यांत गांडुळें खोल जातात, त्या वेळची मोजणी फसवी होय. दुसऱ्याच्या शेताशीं तुलना करूं नये. आपला बांध हेंच आपलें माप.

या तिन्ही साक्षी एकमेकींशीं जुळल्या, तरच औषध ठरवावें. न जुळल्यास पुन्हां तपासावें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं एका वर्षाचा आंकडा मुका असतो. पांच वर्षांचे आंकडे शेजारीं मांडले म्हणजे ते बोलूं लागतात. याकरितां प्रत्येक गटाची एक वही घालावी. उधारीची वही आपण जपून ठेवतोंच. जमिनीचें आपणांकडे किती येणें व आपलें तिला किती देणें, हें या दुसऱ्या वहींतच कळणार आहे.