पावसाळ्याआधी मधमाश्यांचा वाटा राखा

जांभळाचा मोहर संपला, हिरडाही फुलून गेला. खानापूर, जांबोटीकडील रानालगतच्या गावांत ज्या शेतकरी बंधुभगिनींनी यंदा प्रथमच सातेरी माश्यांची पेटी ठेवली, त्यांच्या पेटीत आता मध भरला असेल. तो किती काढावा, हे नीट समजून घेतले पाहिजे. मे महिन्यात सगळा मध काढून घेतलेली पेटी बहुधा श्रावणाच्या आतच ओस पडते.

ह्याचे कारण सोपे आहे. माशी मध साठवते ती स्वतःच्या पोटासाठी. आपल्याकडे जूनपासून तीन-चार महिने पाऊस लागतो. त्या दिवसांत माश्यांना बाहेर पडता येत नाही. पडल्या तरी फुलांत रस थोडा मिळतो. साठा नसला की राणी अंडी घालणे कमी करते, कामकरी माश्या घटतात व शेवटी उरलेली वसाहत पेटी सोडून जाते.

म्हणून मध काढताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

खालच्या खणात अंडी व अळ्या असतात. तेथील मधाला हात लावू नये. वरच्या खणातील ज्या चौकटीची तीन हिश्शांपैकी निदान दोन हिस्से घरे मेणाने झाकलेली असतील, तीच काढावी. न झाकलेला मध कच्चा असतो. त्यात पाणी जास्त असल्यामुळे तो आंबतो. वरच्या खणातीलही एक-दोन भरलेल्या चौकटी राखून ठेवाव्यात. पोळे पिळू नये, मधयंत्रात फिरवून मध काढावा व पोळे परत द्यावे. थोडे मेण तयार करायलाही माशीला त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो.

पावसापूर्वी पेटी दीड फूट उंचीच्या घोडीवर ठेवावी. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पेटीचे दार पावसाच्या झोताकडे नसावे. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी. रिकामी झालेली पोळी काढून घ्यावीत. त्यांत मेणकिडा शिरतो.

पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून एकदा पाहावे. पोळ्याच्या वरच्या कडेला झाकलेला मध दिसत नसेल, तर 1 लिटर उकळलेल्या पाण्यात 1 किलो साखर विरघळवून, थंड करून, त्यातला पेलाभर पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. माश्या बुडू नयेत म्हणून त्यात काटक्या टाकाव्यात. पाक बाहेर सांडू नये, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नये. त्याने माश्यांना हगवण लागते.

आता आरोग्याविषयी दोन शब्द. बाळाला मध चाटवण्याची आपली जुनी चाल आहे. परंतु एक वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये. मधात काही वेळा अशा जंतूंचे बीज असते की ते तान्ह्या मुलाच्या आतड्यात वाढून विष तयार करते व बाळाचे अंग लुळे पडते. मध शुद्ध असला तरी हा धोका राहतो. तसेच माशी चावल्यास नांगी नखाने खरवडून लगेच काढावी. चेहरा सुजला, धाप लागली किंवा भोवळ आली, तर घरगुती उपाय करीत न बसता त्या माणसाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात देवाने शेतकऱ्याला शेताच्या कडेचे पीक न कापता गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडायला सांगितले आहे. मधाच्या पेटीलाही तोच न्याय लावावा. मे महिन्यात राखलेल्या दोन चौकटी पावसाळाभर वसाहत जगवतील, आणि पुढल्या बहराला त्याच माश्या आपल्या काजू-आंब्यांवर पुन्हा कामाला लागतील.